बुन्युएल बघायचाय? मग मधूनच सुरुवात करा

चित्रपटांवर बोलणाऱ्या कुठल्याही कट्ट्यावर लुईस बुन्युएल या स्पॅनिश दिग्दर्शकाचं नाव कधी ना कधी निघतंच. मग माणूस घरी येऊन शोधतो आणि हाताला लागतो त्याचा पहिला चित्रपट, १९२९ सालचा ‘अं शिएं आंदालू’. सोळा-सतरा मिनिटांचा, सहज सापडणारा आणि सगळ्यात जास्त गाजलेला. त्यात सुरुवातीलाच वस्तऱ्याने डोळा कापला जातो, पुढे कशाचा कशाला मेळ लागत नाही, आणि ‘हे आपल्यासाठी नाही’ असं ठरवून माणूस बुन्युएलला कायमचा रामराम ठोकतो. फिल्म क्लबमध्ये येणारी कितीतरी चांगली, जाणती मंडळी याच एका कारणाने त्याच्यापासून तुटलेली मी पाहिली आहेत. त्याचं मला मनापासून वाईट वाटतं, म्हणून हा लेख.

माझं म्हणणं एवढंच आहे, की बुन्युएल विचित्रातली विचित्र गोष्टसुद्धा अगदी सरळ हाताने सांगतो. कॅमेऱ्याच्या करामती नाहीत, भडक प्रकाशयोजना नाही, शेवटच्या चित्रपटांत तर पार्श्वसंगीतही जवळपास नाही. या सरळपणाची डोळ्यांना आधी सवय झाली, की विचित्रपणा आपोआप पचतो. त्यामुळे पहिल्या चित्रपटापासून क्रमाने न जाता मधल्या मेक्सिकोच्या काळापासून आत शिरायचं, मग मागे जायचं आणि शेवटी पुढे.

बसण्याआधी: माणूस थोडक्यात

जन्म २२ फेब्रुवारी १९००, स्पेनच्या आरागोन भागातल्या कालांदा गावी. वडिलांनी क्यूबात व्यापार करून पैसा मिळवलेला, घर सधन, सात भावंडांत हा थोरला. शाळा सारागोसाच्या जेझुइट पाद्र्यांची. कालांदामध्ये गुड फ्रायडेला दुपारी बाराच्या ठोक्याला सगळं गाव एकदम ढोल बडवायला लागतं, ते दुसऱ्या दिवसापर्यंत. बडवून बडवून हात सोलवटतात, रक्त येतं, तरी कुणी थांबत नाही. हे ढोल लक्षात ठेवा, पुढे कामाला येतील.

१९१७ मध्ये तो शिकायला माद्रिदला गेला आणि ‘रेसिदेन्सिया दे एस्तुदियान्तेस’ या वसतिगृहात राहिला. तिथे त्याला दोन मित्र मिळाले: कवी फेदेरिको गार्सिया लोर्का आणि चित्रकार साल्वादोर दाली. या काळात त्याने काही दिवस कीटकशास्त्राचा अभ्यास केला, आणि किडे-मुंग्या पुढे जन्मभर त्याच्या चित्रपटांतून फिरत राहिल्या. १९२५ मध्ये पॅरिस. तिथे फ्रिट्झ लांगचा एक चित्रपट पाहून त्याने ठरवलं, की आपण हेच करायचं. मग जाँ एपस्टाइनच्या हाताखाली सहायक म्हणून उमेदवारी केली.

पुढे स्पेनचं यादवी युद्ध पेटलं. ऑगस्ट १९३६ मध्ये, पुढे हुकूमशहा झालेल्या बंडखोर जनरल फ्रँकोच्या बाजूच्या लोकांनी लोर्काला गोळ्या घातल्या. प्रजासत्ताकाच्या बाजूने काम करणारा बुन्युएल अमेरिकेत अडकला. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात त्याला नोकरी मिळाली, पण दालीने आत्मचरित्रात त्याला नास्तिक म्हणून रंगवल्यावर वातावरण तापलं आणि ती सोडावी लागली. १९४६ मध्ये तो मेक्सिकोला पोचला, १९४९ मध्ये तिथला नागरिक झाला आणि २९ जुलै १९८३ रोजी मेक्सिको सिटीतच वारला. स्पॅनिश दिग्दर्शक म्हणून आपण त्याला ओळखतो, पण त्याच्या बत्तीसेक चित्रपटांपैकी बहुतेक मेक्सिकोत आणि फ्रान्समध्ये झाले. हे माहीत नसलं, की नवा माणूस ‘स्पॅनिश चित्रपट’ शोधत बसतो आणि निम्मं काम त्याच्या नजरेतून सुटतं.

पायरी पहिली: ‘लोस ओल्विदादोस’ (१९५०)

नावाचा अर्थ ‘विसरलेले’. मेक्सिको सिटीच्या वस्तीतली पोरं, त्यांच्यात सुधारगृहातून पळून आलेला हायबो, आणि त्याच्या नादाला लागलेला लहानगा पेद्रो. अवघ्या तीन आठवड्यांत चित्रित केलेला, दीड तासाच्या आत संपणारा. कथा स्वच्छ आहे, कुठेही हरवायला होत नाही. सुरुवात इथूनच करा.

हा चित्रपट करण्याआधी बुन्युएल काही महिने जुने कपडे घालून त्या वस्त्यांत हिंडला, लोकांशी बोलला, काय खातात, कुठे झोपतात ते पाहिलं. ते सगळं पडद्यावर दिसतं. पण खरी मेख पुढे आहे. गरिबांवरच्या चित्रपटात गरीब माणूस सोशिक आणि सालस असतो, अशी आपली सवय. इथे आंधळा भिकारी दयेला पात्र आहे आणि दुष्टही आहे. पेद्रोची आई त्याला जेवायला वाढत नाही. या प्रसंगावरून चित्रीकरणाच्या वेळी केशभूषा करणारी बाई काम सोडून गेली. तिचं म्हणणं, मेक्सिकोतली आई असं कधी करणार नाही.

दोन जागा नीट बघा. एक, पेद्रोचं स्वप्न. आई संथ गतीने पलंगावरून त्याच्याकडे येते, तिच्या हातात कच्च्या मांसाचा मोठा तुकडा असतो, आणि पेद्रो तो घेणार तेवढ्यात पलंगाखालून हायबोचा हात वर येतो. भूक, आई आणि भीती, तिन्ही एका मिनिटात, आणि तेही आधीची अर्धी गोष्ट इतकी वास्तववादी झाल्यावर. दुसरी जागा सुधारगृहाच्या शेतावरची: पेद्रो चिडून अंडं फेकतो आणि ते थेट कॅमेऱ्याच्या भिंगावर फुटतं. त्या क्षणी त्याचा राग कुणावर आहे, हे बघणाऱ्याला वेगळं सांगावं लागत नाही.

मेक्सिकोत हा चित्रपट काही दिवसांतच उतरवला गेला. देशाची बदनामी केली म्हणून बुन्युएलला हाकलून द्या, अशी मागणी झाली. १९५१ मध्ये फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवात कवी ओक्तावियो पाझ यांनी या चित्रपटाची बाजू मांडणारा लेख लिहून स्वतः वाटला. बुन्युएलला तिथे उत्कृष्ट दिग्दर्शनाचं पारितोषिक मिळालं आणि मग मेक्सिकोतही सूर बदलला. २००३ मध्ये युनेस्कोने जागतिक स्मृती नोंदवहीत त्याचा समावेश केला. एक सूचना: या चित्रपटाचा एक गोड शेवटही चित्रित करून ठेवलेला होता आणि तो बऱ्याच वर्षांनी सापडला. तो हल्ली काही आवृत्त्यांत जोड म्हणून मिळतो. आधी मूळ शेवट बघा, गोड शेवट नंतर.

पायरी दुसरी: ‘नासारिन’ आणि मग ‘विरिदियाना’

हे दोन एका आठवड्याच्या आत बघितले तर उत्तम, कारण दोन्हींचा प्रश्न एकच आहे: मनापासून चांगलं वागायला निघालेल्या माणसाचं जगात काय होतं?

‘नासारिन’ (१९५९) स्पॅनिश लेखक पेरेस गाल्दोस यांच्या कादंबरीवरून केलेला. येशूने सांगितलं तसं शब्दशः जगायचं ठरवलेला एक गरीब पाद्री. एका ठिकाणी तो रस्त्याच्या कामावर जाऊन म्हणतो, मला मजुरी नको, नुसतं जेवण द्या, मी राबतो. बाकीचे मजूर खवळतात, कारण हा फुकट राबला तर त्यांच्या मजुरीचं काय? पाद्री मुकाट्याने निघून जातो, आणि त्याच्या पाठीमागे भांडण पेटून गोळ्यांचे आवाज येतात. त्याला ते कळतही नाही. बुन्युएल इथे पाद्र्याची टर उडवत नाही. त्याला हा माणूस मनापासून आवडतो, हे पाद्र्याची भूमिका करणाऱ्या फ्रान्सिस्को राबालच्या चेहऱ्यावर कॅमेरा ज्या सबुरीने थांबतो त्यावरून समजतं. शेवटी एक बाई त्याला अननस देते. तिथे त्याच्या चेहऱ्यावर काय काय होतं ते बघा, आणि मग ते ढोल ऐका. कालांदाचे.

‘विरिदियाना’ (१९६१) बघण्याआधी पाच मिनिटांची तयारी करा. लिओनार्दो दा विंचीचं ‘शेवटचं भोजन’ हे चित्र एकदा डोळ्यांखालून घाला. ख्रिस्ती घरात न वाढलेल्या आपल्यासारख्या प्रेक्षकाला नाहीतर या चित्रपटातला सर्वांत गाजलेला क्षण निसटून जातो.

गोष्ट अशी: जोगीण होण्याच्या उंबरठ्यावर असलेली एक तरुणी काकांच्या वाड्यावर येते, आणि पुढे त्या वाड्यावर भिकाऱ्यांना आसरा देते. सिल्व्हिया पिनाल नायिका, फेर्नान्दो रेय काका. या चित्रपटात एका पोरीची दोरीवरच्या उड्यांची दोरी आहे. ती सुरुवातीला कुणाच्या हातात असते, मग कुठे जाते, शेवटी कुणाच्या कमरेला दिसते, तेवढा माग ठेवा. संवादांत न सांगितलेलं सगळं ती दोरी सांगते.

आणि कुत्र्याचा प्रसंग. वाड्याचा नवा मालक, म्हणजे काकांचा मुलगा होर्खे बघतो, की एका गाडीखाली दोरीने बांधलेला कुत्रा चाकांबरोबर फरफटत धावतोय. त्याला कणव येते, तो पैसे देऊन कुत्रा सोडवून घेतो आणि समाधानाने वळतो. त्याच वेळी त्याच्या पाठीमागून दुसरी गाडी उलट दिशेने जाते, तिच्याखाली दुसरा कुत्रा बांधलेला. बुन्युएल त्यावर एक शब्द बोलत नाही, कॅमेरा पुढे सरकावत नाही, संगीत वाजवत नाही. त्याची सगळी पद्धत या अर्ध्या मिनिटात आहे. दुसऱ्यांदा बघणाराही पुष्कळदा मागची गाडी चुकवतो, म्हणून इथे नजर चौकटीच्या मागच्या भागावर ठेवा.

या चित्रपटाची बाहेरची कहाणीही जाणून घेण्यासारखी आहे. देश सोडून गेलेला बुन्युएल फ्रँकोच्या राजवटीत परत येऊन स्पेनमध्ये चित्रपट करतो, म्हणून परागंदा मित्र त्याच्यावर रागावले होते. सेन्सॉरने शेवट बदलायला लावला: नायिका रात्री चुलतभावाच्या खोलीचं दार ठोठावते हे चालणार नाही. बुन्युएलने तो बदलून नायिका, चुलतभाऊ आणि मोलकरीण अशा तिघांना पत्त्यांच्या डावाला बसवलं, आणि नवा शेवट आधीच्यापेक्षा जास्त सूचक झाला. चित्रपट स्पेनतर्फे कानला गेला, ‘पाल्म दोर’ हा तिथला सर्वोच्च पुरस्कार विभागून मिळाला आणि स्पेनच्या चित्रपट खात्याच्या प्रमुखाने स्टेजवर जाऊन तो स्वीकारलाही. लगेच व्हॅटिकनच्या वर्तमानपत्राने चित्रपटाला धर्मद्रोही ठरवलं. त्या अधिकाऱ्याची खुर्ची गेली, आणि स्पेनमध्ये ‘विरिदियाना’ १९७७ पर्यंत दाखवता आला नाही.

पायरी तिसरी: ‘एल आन्खेल एक्स्तेर्मिनादोर’ (१९६२)

आता तुम्ही तयार आहात. ऑपेरा बघून आलेली श्रीमंत मंडळी एका हवेलीत जेवायला जमतात. नोकर काही ना काही निमित्ताने आधीच सटकतात. जेवण होतं, पियानो होतो, आणि मग कुणालाच त्या दिवाणखान्यातून बाहेर पडता येत नाही. दार उघडं आहे, अडवणारं कुणी नाही, तरीही. दिवसांमागून दिवस जातात.

‘पण का?’ हा प्रश्न पहिल्या अर्ध्या तासातच पडेल. तो बाजूला ठेवा. बुन्युएलने कारण दिलेलं नाही आणि शोधून सापडणार नाही. त्याऐवजी पाणी संपल्यावर कोण काय करतं, सभ्यतेचा कुठला थर आधी गळतो, कोण कुणावर ढकलतं, हे बघा. टाळेबंदीचा काळ काढलेल्या आपल्याला हा चित्रपट समजावून सांगावा लागत नाही.

सुरुवातीला पाहुणे हवेलीत दोनदा शिरताना दिसतील. तुमच्या प्रतीत बिघाड नाही. छायालेखक गाब्रिएल फिगेरोआलासुद्धा संकलनात काहीतरी चुकलंय असं वाटलं होतं आणि त्याने बुन्युएलला बाजूला घेऊन तसं सांगितलं होतं. चित्रपटात अशा पुनरावृत्ती बऱ्याच आहेत. मोजत बसायला मजा येते.

इथे जोडीला ‘सिमोन देल देसिएर्तो’ (१९६५) बघून टाका. खांबावर उभं राहून तप करणारा साधू आणि त्याला नादी लावायला येणारी सैतानीण. पैसे संपल्यामुळे तो पाऊण तासातच आटोपला, आणि शेवटाला त्या घाईची झळ लागली आहे, असं माझं मत आहे. तरी बघाच.

पायरी चौथी: आता मागे जा

या टप्प्यावर ‘अं शिएं आंदालू’ लावा. आता तो भिववणार नाही. हकिगत अशी, की बुन्युएलला स्वप्न पडलं होतं: चंद्राला ढगाची धार कापत जाते, वस्तरा डोळ्याला कापतो तशी. दालीला पडलं होतं मुंग्यांनी भरलेल्या तळहाताचं. दोघांनी मिळून जेमतेम आठवड्यात संहिता लिहिली आणि नियम एकच ठेवला: ज्याचं तर्काने स्पष्टीकरण देता येईल अशी कुठलीही प्रतिमा ठेवायची नाही. पैसे बुन्युएलच्या आईचे. डोळा मेलेल्या वासराचा. पहिल्या खेळाच्या वेळी लोक अंगावर आले तर फेकायला म्हणून त्याने खिशात दगड भरून ठेवले होते आणि पडद्यामागे उभं राहून ग्रामोफोनवर कधी वाग्नर, कधी टँगो लावत होता. दगडांची गरज पडली नाही. त्या नियमामुळेच प्रतीकांची यादी हातात घेऊन अर्थ लावत बसण्यात हशील नाही. एका दृश्यावरून दुसऱ्यावर नुसतं घसरत जायचं.

पुढच्याच वर्षी आलेल्या ‘लाज दोर’च्या वेळी मात्र दंगा झाला. पॅरिसच्या ‘स्टुडिओ २८’मध्ये उजव्या गटांच्या तरुणांनी पडद्यावर शाई फेकली, बाहेर लावलेली चित्रं फाडली, आणि पोलिसांनी बंदी घातली. ती जवळपास पन्नास वर्षं टिकली. चित्रपट थोडा तुटक आहे. घाई नसेल तर नंतर बघितला तरी चालेल.

‘लास उर्देस’ मात्र सोडू नका. स्पेनच्या एका अतिदरिद्री डोंगराळ मुलुखावरचा हा अर्ध्या तासाचा माहितीपट १९३३ चा. रामोन आसिन नावाचा एक अराजकतावादी चित्रकला शिक्षक बुन्युएलचा मित्र होता. तो म्हणाला होता, लॉटरी लागली तर तुझ्या चित्रपटाला पैसे देईन. लॉटरी खरंच लागली आणि त्याने शब्द पाळला. १९३६ मध्ये युद्ध सुरू होताच फ्रँकोवाद्यांनी त्याला ठार मारलं. उजव्यांचा राग समजू शकतो, पण या चित्रपटावर बंदी घातली ती प्रजासत्ताक सरकारने, देशाची लाज नको म्हणून.

तो बघताना कान आणि डोळे वेगवेगळे वापरा. निवेदन थंड आहे, जणू शाळेतला भूगोलाचा धडा, मागे ब्राम्सची सिम्फनी, आणि समोर मरणारी माणसं. एक शेळी कड्यावरून ‘पाय घसरून’ पडते असं निवेदक सांगतो. त्याच क्षणी चौकटीच्या कडेला बंदुकीचा धूर दिसतो. माहितीपट कितपत खरा असतो, या विषयावर मला हा एक धूर पुरेसा वाटतो. प्राण्यांचे हाल यात खरे आहेत, एक गाढव मधमाश्यांनी वेढलेलं दिसतं. ज्यांना ते सोसत नाही त्यांनी, आणि मुलांबरोबर बसणाऱ्यांनी, आधीच विचार करावा.

पायरी पाचवी: फ्रान्स आणि कारिएर

साठीच्या पुढे बुन्युएलला मनासारखा लेखक मिळाला: जाँ-क्लोद कारिएर. तोच, ज्याने पुढे नाट्यदिग्दर्शक पीटर ब्रूकसाठी ‘महाभारत’ नाटक लिहिलं, १९८५ मध्ये आव्हिन्यों महोत्सवात सादर झालेलं, मल्लिका साराभाई द्रौपदी असलेलं. दोघे एखाद्या आडबाजूच्या हॉटेलात मुक्काम ठोकायचे, मेक्सिकोत सान होसे पुरुआ किंवा स्पेनमध्ये एल पाउलार, आणि लिहीत बसायचे. असे सहा चित्रपट झाले.

त्यातला आधी ‘डिस्क्रीट चार्म ऑफ द बूर्झ्वाझी’ (१९७२) घ्या. सहा प्रतिष्ठित माणसं एकत्र जेवायला बसायचा प्रयत्न करतात आणि प्रत्येक वेळी काहीतरी आडवं येतं. एकाचं स्वप्न दुसऱ्याच्या स्वप्नात निघतं. याला परभाषी चित्रपटाचं ऑस्कर मिळालं. ‘एक्स्तेर्मिनादोर’ पाहून झालेला असल्यामुळे तुम्हाला जाणवेल, की तिथे जेवण झाल्यावर जाता येत नव्हतं, इथे जेवणापर्यंत पोचताच येत नाही.

‘बेल द जूर’ (१९६७) प्रौढांसाठीच. नायिका काथरीन दनव, आणि व्हेनिस महोत्सवाचं सर्वोच्च पारितोषिक, सुवर्णसिंह. त्यात एका गिऱ्हाइकाजवळ एक गुणगुणणारी डबी आहे; तीत काय आहे हे बुन्युएलला लोक आयुष्यभर विचारत राहिले. मग शेवटचा चित्रपट, ‘दॅट ऑब्स्क्युअर ऑब्जेक्ट ऑफ डिझायर’ (१९७७), ज्यात एकच नायिका कारोल बुके आणि आन्खेला मोलिना आलटून पालटून करतात आणि पडद्यावर कुणालाच त्याचं आश्चर्य वाटत नाही. मूळ नटीशी चित्रीकरण सुरू झाल्यावर फिसकटलं, त्यातून ही युक्ती निघाली.

‘त्रिस्ताना’ (१९७०) कारिएरचा नाही, तोलेदो शहरात केलेला, पुन्हा गाल्दोसवर. माझा सगळ्यात आवडता. पण तो यादीत शेवटी ठेवा. फेर्नान्दो रेयला आधी दोन-तीन भूमिकांत पाहिलेलं असलं, तर इथला म्हातारा डॉन लोपे जास्त उमगतो.

बघण्याची व्यवस्था

प्रत मूळ भाषेतली आणि सबटायटल असलेलीच घ्या, डब केलेली नको. ‘लोस ओल्विदादोस’ जुन्या याद्यांत ‘द यंग अँड द डॅम्ड’ नावाने सापडतो, ‘लास उर्देस’ ‘लँड विदाउट ब्रेड’ म्हणून, ‘एल आन्खेल’ ‘द एक्स्टर्मिनेटिंग एंजल’ म्हणून. ‘विरिदियाना’ आणि ‘एल आन्खेल’च्या क्रायटेरियन या कंपनीने काढलेल्या डिस्कच्या प्रती उत्तम आहेत. मुबीसारख्या ऑनलाइन ठिकाणी चित्रपट येत-जात असतात, तेव्हा यादी करून ठेवा आणि दिसला की बघा. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय, मुंबईत प्रभात चित्र मंडळ, दिल्लीत असाल तर स्पेनची सेर्वान्तेस संस्था, यांच्या कार्यक्रमांवर लक्ष ठेवा. चारचौघांत बघण्याचा फायदा असा, की हसू कुठे येतं ते कळतं. बुन्युएलच्या चित्रपटांत हसू भलत्याच जागी येतं आणि एकट्याने मोबाइलवर बघताना ते दबून जातं.

शेवटी पुस्तक. १९८२ मध्ये कारिएरच्या मदतीने लिहिलेलं त्याचं आत्मकथन इंग्रजीत ‘माय लास्ट साय’ नावाने मिळतं. ते निदान चार चित्रपट झाल्यावर उघडा. कालांदाचे ढोल, लोर्का, दारूवरचं प्रेम, स्वप्नं, सगळं आहे. तपशील मात्र आंधळेपणाने घेऊ नका. आठवणी दगा देतात, हे त्याने स्वतःच सुरुवातीला लिहून ठेवलंय. ते संपलं की मेक्सिकोतला ‘एल’ (१९५३) बघा, संशयी नवऱ्याचा, आणि तिथून त्याच आरागोनच्या कार्लोस साउरा या दिग्दर्शकाकडे वळा. साउराने ‘पेपरमिंट फ्रापे’ (१९६७) बुन्युएललाच अर्पण केला आहे.